सहीशेजारचा माणूस

कॉमिकवर नामवंताची सही असली की किंमत वाढलीच, असं धरूनच बहुतेक लोक माझ्याकडे येतात. पिशवीतून प्रत काढताना सहीची बाजू वर ठेवतात आणि बोटही तिकडेच दाखवतात. मी आधी प्रत पालथी घालतो. मागचं पान, पाठ, पिना, कोपरे, आतल्या कागदाचा रंग आणि वास हे सगळं झालं की मग सहीकडे येतो. प्रतवारीच्या कामात शाई म्हणजे सर्वप्रथम कागदावर मागाहून पडलेली खूण. अंक छापखान्यातून बाहेर पडला तेव्हा ती तिथे नव्हती. ती ‘वेताळ’ कॉमिकच्या निर्मात्याची आहे की चौथीतल्या पोराची, हा प्रश्न त्याच्या पुढचा.

मी सुदुंबऱ्याचा. देहू आणि चाकण यांच्या मधलं, सुधा नदीच्या काठचं हे गाव. बाहेरच्यांना ते माहीत असतं एनडीआरएफच्या पाचव्या बटालियनमुळे आणि वारकऱ्यांना संताजी महाराज जगनाडे यांच्या समाधीमुळे. पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात उमेदवारी केली, तिथेच कागद ओळखायला शिकलो. आता घरीच काम करतो. इंद्रजाल, अमर चित्र कथा, चांदोबा, किशोरचे सुरुवातीचे अंक लोक कुरिअरने पाठवतात. मी त्यांची अवस्था तपासून लेखी देतो, जे परदेशी प्रतवारीला पाठवायचं असतं त्याची तयारी करून देतो आणि बऱ्याचदा पाठवू नका असंही सांगतो.

मावळात हे काम करणं म्हणजे वर्षातले चार महिने दमट हवेशी झुंज. लोणावळ्याकडून पाऊस सरकत आला की सुधेकाठी भिंतीसुद्धा ओल धरतात. न्यूजप्रिंटचा कागद मुळात आम्लधर्मी, हवेतला ओलावा शोषून घेतो, पिना गंजतात आणि गंजाचा तपकिरी डाग मधल्या पानावर उमटतो. जून ते सप्टेंबर मी कोरड्या खोलीबाहेर एकही पाकीट फोडत नाही. गिऱ्हाईक कितीही घाई करो.

आपल्याकडच्या प्रतींची गोष्ट अमेरिकेतल्या प्रतींपेक्षा वेगळी आहे आणि सहीचा विचार त्यामुळेच वेगळा करावा लागतो. टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं, १९९० मध्ये ते बंद पडलं. मधल्या काळात मराठी घरांतून हे अंक ज्या पद्धतीने वाचले गेले, त्या पद्धतीने वाचून कोरा राहिलेला अंक जवळजवळ सापडत नाही. मुखपृष्ठावर बॉलपेनने मुलाचं नाव, खाली इयत्ता आणि तुकडी. चौकातल्या भाड्याच्या लायब्ररीचा जांभळा शिक्का, तारखांसकट. एका भावाचं नाव खोडून दुसऱ्याचं लिहिलेलं. सुट्टीत दहा-दहा अंक एकत्र करून बाइंडिंगला दिलेले. बाइंडरने दाभणाने टोचून शिवले आणि कटिंग मशीनवर तिन्ही बाजू साफ करून दिल्या. त्या बाइंडिंगनेच अंक वाचले, नाहीतर ते केव्हाच रद्दीत गेले असते. पण संग्राहकाच्या मापाने कापलेली कड म्हणजे मोठी हानी. मला दर वेळी हे समोरच्याला समजावून सांगावं लागतं आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण ज्याने जपलं त्यालाच मी सांगत असतो की तुमच्या जपण्याने प्रत खाली आली.

आता सही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सारासोटा इथे सीजीसी ही कंपनी २००० सालापासून कॉमिकची प्रतवारी करते. ०.५ पासून १०.० पर्यंतचा आकडा देऊन प्रत पारदर्शक पेटीत सीलबंद करते. पेटीवरच्या लेबलाचा रंग बोलका असतो. साध्या प्रतीला निळं, दुरुस्ती केलेल्या प्रतीला जांभळं. सहीच्या प्रतीला पिवळं, पण एका अटीवर: सही होत असताना कंपनीचा माणूस समोर हजर असला पाहिजे. त्याने ती होताना पाहायची, प्रत तिथेच ताब्यात घ्यायची आणि प्रतवारीला पोचेपर्यंत ती मालकाच्या हाती द्यायची नाही. असं झालं असेल तर सहीची शाई दोष म्हणून मोजली जात नाही, प्रतीचा आकडा जसा असेल तसा राहतो. साक्षीदार नसेल तर तीच शाई मुखपृष्ठावर कोणीतरी लिहिलेलं ठरते. मग एक तर आकडा खाली येतो, नाहीतर सही बाजूला ठेवून हिरवं लेबल लागतं. म्हणजे ‘प्रत अशी आहे, पण तिच्यावर आम्ही ग्वाही देऊ शकत नाही असं काही आहे’.

सही खरीच असू शकते, हे लक्षात घ्या. लेखकाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पेनने, मालकाच्या डोळ्यांदेखत केलेली असू शकते. तरी हिरवं. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मला ते फार कोरडं वाटलं. आता वाटत नाही. सीबीसीएस नावाची दुसरी कंपनी सहीची अक्षरओळख करून, जुन्या खात्रीच्या सह्यांशी ताडून लाल लेबल देते. तोही मार्ग आहे. पण त्यातही तज्ज्ञ जे सांगतो ते मत असतं, आणि समोर उभा राहिलेला माणूस जे सांगतो ती साक्ष. स्टॅन ली यांनी १२ नोव्हेंबर २०१८ रोजी निधन होण्यापूर्वी आयुष्यभर इतक्या सह्या केल्या की त्यांची सही ही दुर्मीळ वस्तू नाही. त्यांच्या बाबतीत कोणती सही कोणासमोर झाली, यालाच मोल आलं.

एकदा साताऱ्याकडचे एक गृहस्थ मराठी इंद्रजालचा वेताळाचा एक अंक घेऊन आले. वरच्या कोपऱ्यात निळ्या शाईत ली फॉक यांची सही. फॉक म्हणजे वेताळ आणि मँड्रेकचे जनक. वेताळाची चित्रमालिका त्यांनी फेब्रुवारी १९३६ मध्ये सुरू केली. गृहस्थांनी ही प्रत चांगली किंमत मोजून घेतली होती. अमेरिकेला पाठवायची, लाल लेबल मिळवायचं आणि मुलाच्या लग्नात भेट द्यायची असं त्यांच्या मनात होतं. त्या मुलाने लहानपणी वेताळ वाचत रात्री जागवलेल्या.

मी भिंगाखाली प्रत धरली. आधी घड्या पाहिल्या. कव्हरला जुनी घडी असते तिथे कागदाचा चकचकीत थर तडकलेला असतो. सही घडी पडण्याआधीची असेल तर घडीच्या रेघेवर शाई तुटते, थराबरोबर उडून जाते. नंतरची असेल तर शाई तड्यात उतरते, तंतूंत पसरते. इथे ती तड्यात उतरलेली होती. एवढ्याने काही सिद्ध होत नाही, जुन्या जीर्ण अंकावरही कोणी सही घेऊ शकतं. मग रेघ पाहिली. सवयीने सही करणाऱ्याचा हात सुरुवातीला आणि शेवटाला हवेतूनच कागदावर येतो-जातो, त्यामुळे टोकं बारीक होत जातात. नक्कल करणारा चित्र काढल्यासारखं लिहितो. टोकं बोथट राहतात, वळणावर बारीक थरथर दिसते, भलत्याच ठिकाणी पेन उचललेलं सापडतं. इथे ते सगळं होतं. तरी मी लगेच बोललो नाही, कारण म्हाताऱ्या माणसाचा हातही थरथरतो.

शेवटी शिक्का दिसला. सहीची शेपटी लायब्ररीच्या शिक्क्यावरून गेली होती, आणि भिंगाखाली बॉलपेनची चकचकीत रेघ शिक्क्याच्या मॅट शाईवर स्वच्छ चढलेली दिसत होती. शिक्क्यातली तारीख २००३ ची. ली फॉक मार्च १९९९ मध्ये गेले.

“म्हणजे?” गृहस्थांनी विचारलं.

“म्हणजे सही त्यांची नाही, काका.”

ते बराच वेळ प्रतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आणि अंक?” अंक अस्सल होता. वेताळही खरा होता. मी तो फोल्डरमध्ये घालून दिला आणि तपासणीची फी घेतली नाही.

आमच्या मावळात गेल्या काही दशकांत कारखाने आले, जमिनींचे व्यवहार झाले. खरेदीखत म्हणजे काय हे इथल्या घराघरात ठाऊक आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात विकणारा सही करतो, अंगठा देतो, फोटो काढतो, आणि तरीही त्याला ओळखणारी दोन माणसं हजर असावी लागतात. गावातली म्हातारी माणसं सहीपेक्षा या दोघांची नावं आधी वाचतात. कोण होतं बरोबर? हा प्रश्न. कायद्याचंही तसंच आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात कलम ४५ तज्ज्ञाच्या मतासाठी होतं, पण कलम ४७ मध्ये दुसरा एक माणूस होता: ज्याने त्या व्यक्तीला लिहिताना पाहिलं आहे, ज्याच्याशी तिचा पत्रव्यवहार झाला आहे, ज्याच्या हातून तिचे कागद नेहमी गेले आहेत. त्याचंही मत ग्राह्य. १ जुलै २०२४ पासून तो कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हा परिचयाचा माणूस त्यातही आहे. माझ्या व्यवसायात मी त्याचाच शोध घेत असतो.

याहून जुनी गोष्ट म्हणजे महजर. गावच्या तंट्यात निवाडा झाला की गोतातले लोक कागदावर आपली निशाणी करायचे. लिहिता न येणारा कुणबी नांगर काढायचा, न्हावी आरसा. रेघ कशीही ओढली तरी चालायची, कारण ती कोणाच्या समोर ओढली हे सगळ्या गावाने पाहिलेलं असायचं. मला ही चित्रं फार आवडतात. सहीचं वळण कोणीही गिरवेल, पण चारचौघांसमोर उभं राहून काढलेला नांगर कोण गिरवणार?

आणि इथेच, समाधीच्या गावात राहून, मला संताजींचा विचार वारंवार येतो.

संताजी मूळचे चाकणचे, जन्म १६२४ चा, तेल्याच्या घरातले. लिहिण्याचा, हिशेबाचा हात पक्का. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक. तुकोबा बोलत, गात, आणि संताजी उतरवून घेत. कडूसचे गंगाजी मवाळही लिहून घेणारे. वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या तेव्हा लोकांच्या ओठांवरचं पुन्हा कागदावर आणायला संताजी फिरले, असं आमच्याकडे सांगतात. टपाल खात्याने २००९ मध्ये त्यांचं तिकीट काढलं. मार्गशीर्षात पुण्यतिथीला गावात मोठी गर्दी होते. लहानपणी त्या गर्दीत मला वाटायचं की संतांच्या रांगेत लिहून घेणाऱ्याला एवढा मान का? आता या कामात इतकी वर्षं काढल्यावर तो प्रश्न पडत नाही.

अभंगाच्या शेवटी येणारी ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा म्हणजे तुकोबांची सही. पण ही सही सगळ्यांत सहज चोरता येण्यासारखी. कोणीही चार चरण रचावेत आणि शेवटी ती बसवावी. तसं झालंही. आणि उलटंही झालं: तुकोबांचे अभंग घेऊन त्यांचं नाव काढून स्वतःचं घालणारे सालोमालो तुकोबांच्या हयातीतच होते, त्यांच्यावर तुकोबांनी रागाने लिहिलंही आहे. खोटी सही घालणं आणि खरी सही पुसणं, माझ्या टेबलावर येणारे दोन्ही अपराध सतराव्या शतकात इंद्रायणीकाठी होऊन गेले.

मग अस्सल कोणतं हे ठरवायचं कसं? मुंबई सरकारच्या मदतीने विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ ते १८७३ मध्ये गाथा छापला, तेव्हा त्यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या वह्या समोर ठेवल्या. प्रत कोणाच्या घरून आली, कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, हे पाहिलं. पुढे ठाण्याच्या विनायक लक्ष्मण भावे यांनी संताजींच्या वह्यांवरून ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ १९१९ आणि १९२० मध्ये दोन भागांत काढला. त्यात संताजींचं लेखन जसं होतं तसं ठेवण्यावर त्यांचा भर होता. शुद्धलेखनाच्या दृष्टीने ते ओबडधोबड वाटेल, पण भाव्यांना तोच पुरावा वाटला. देहूत तुकोबांच्या हातची म्हणून मानली गेलेली वही वेगळी, तिचा भाव वेगळा. पण भाव्यांनी ‘अस्सल’ हा शब्द लावला तो जवळ बसून लिहिणाऱ्याच्या अक्षराला. त्यावर पुढे अभ्यासकांत वाद झाले आणि होणारच. वाद होतात म्हणूनच जवळ कोण बसलं होतं याची नोंद हवी.

भाव्यांचा तो निर्णय मी माझ्या कामाचा नियम मानतो. गिऱ्हाइकं विचारतात, मुलाचं नाव रसायनाने काढून द्याल का, कव्हर स्वच्छ दिसेल. मी देत नाही. काढलं तर ती दुरुस्ती झाली आणि ती लपवली तर फसवणूक. आणि ज्या ‘चि. संजय, ५ वी क’ने तो अंक पन्नास वर्षं टिकवला, त्याला पुसून टाकायचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. अंक कोणाच्या घरी होता, कोणत्या शाळेत, कोणत्या लायब्ररीत, हे सांगणारी ती एकमेव ओळ असते. जांभळा शिक्का नसता तर साताऱ्याच्या काकांची फसवणूक कधीच उघडी पडली नसती.

अमेरिकन पद्धतीबद्दल माझी एक तक्रार मात्र आहे. तिचं तत्त्व बरोबर आहे, पण साक्षीदार कंपनीचाच हवा हा आग्रह आपल्याकडे लागू पडत नाही. आपले चित्रकार आणि लेखक मुलांना सह्या देत होते तेव्हा इथे अशी कंपनीच नव्हती. अमर चित्र कथा १९६७ मध्ये सुरू करणारे आणि मुलांचे अंकल पै झालेले अनंत पै २४ फेब्रुवारी २०११ रोजी गेले. अमर चित्र कथेची पानं रेखाटणारे राम वाईरकर गेले, पुण्याचे प्रताप मुळीक गेले. त्यांच्या सह्या शाळेच्या सभागृहात, पुस्तक प्रदर्शनात, घरच्या दिवाणखान्यात झाल्या. तिथे पिवळ्या लेबलाचा माणूस कुठून येणार? पण तिथे माणसं होती. आई होती, शिक्षिका होत्या, रांगेतला पुढचा मुलगा होता. ती माणसं अजून आहेत. त्यांच्या हयातीत त्यांचं म्हणणं लिहून घेतलं नाही तर पंधरा-वीस वर्षांनी आपल्याकडच्या सगळ्या खऱ्या सह्यांना हिरवं लेबल लागेल.

म्हणून मी हल्ली सहीची प्रत आली की आधी एक कागद पुढे करतो. सही कुठे झाली, कधीच्या सुमारास, कोण कोण होतं, पेन कोणाचं होतं, नंतर प्रत कुठे ठेवली, मध्ये कोणाकडे गेली होती का. आठवत नाही तिथे ‘आठवत नाही’ असंच लिहायचं. फोटो असेल तर फोटोची नक्कल. हे निवेदन देणाऱ्याची सही आणि त्याला ओळखणाऱ्या एकाची. प्रतवारीचा आकडा मी त्याहून वेगळा देतो. सहीने आकडा वर जात नाही आणि खालीही येत नाही. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहितो आणि वाचणाऱ्यावर सोडतो. काही संग्राहकांना हे पटत नाही. त्यांना एकच आकडा हवा असतो, कारण विकताना एकच आकडा सांगायला सोपा जातो. ते दुसरीकडे जातात.

मागच्या हिवाळ्यात निगडीच्या एक बाई आल्या. अमर चित्र कथेचा मराठी अंक, पाठीला चिकटपट्टी लावलेली, मधली पिन सुटलेली, पहिल्या पानावर अनंत पै यांची सही आणि वर बाईंचं स्वतःचं लहानपणीचं नाव. मुंबईला मामाकडे गेलेल्या असताना प्रदर्शनात घेतलेली सही. “हिला काही किंमत येईल का हो दादा?” मी सांगितलं की प्रतीची अवस्था फार तर मध्यम, चिकटपट्टीने कागद पिवळा पडलाय, परदेशी पाठवलीत तर हिरवं लेबल आणि खर्च किमतीपेक्षा जास्त. त्यांनी मान डोलावली. मग मी कागद पुढे केला.

त्या लिहीत गेल्या. पेन प्रदर्शनातल्याच कोणाचं तरी होतं, पै यांनी नाव विचारून ते आधी लिहिलं आणि मग सही केली, नावाचं स्पेलिंग दोनदा विचारलं. ते नाव आणि सही एकाच शाईत आणि एकाच हातची आहेत हे मला भिंगाखाली आधीच दिसलं होतं, पण मी बोललो नव्हतो. त्यांच्या कागदावर ते आपोआप आलं. चिकटपट्टी धाकट्या बहिणीने लावली, साल आठवत नाही. प्रदर्शनात त्यांच्या मागे रांगेत मोठा भाऊ उभा होता, तो आता चिंचवडला असतो. त्याला फोन लावला. तो दुसऱ्या दिवशी स्कूटरवर आला आणि बहिणीने लिहिलेलं त्याने सबंध वाचलं. एका ठिकाणी थांबला. “पेन माझं होतं,” तो म्हणाला. बाईंनी तेवढी ओळ खोडली, बाजूला दुरुस्ती लिहून तिथे आपली सही केली, मग त्याने शेवटी सही केली.

मी प्रतवारी ४.० लिहिली. चिकटपट्टी तशीच ठेवा, ओढून काढू नका, आणि पावसाळ्यात अंक पोटमाळ्यावर ठेवू नका असं सांगून निवेदनाची मूळ प्रत अंकाबरोबर दिली आणि नक्कल माझ्या फाइलला लावली.